सुगंधाताईंची निर्मळ कादंबरी

एका जंगलात वाचनालय होतं. हसू नका, बाळांनो. जंगलात काय वाट्टेल ते असू शकतं. पालक-समितीसुद्धा.

हे वाचनालय सुगंधाताई साळिंदर चालवत. ना लहान ना मोठी अशी पिल्लं ही त्यांची खास मंडळी. चित्रांची पुस्तकं या पिल्लांना बाळबोध वाटत आणि मोठ्यांची पुस्तकं मोठे त्यांना देत नसत. म्हणून ताई त्यांना एक कादंबरी वाचून दाखवू लागल्या. तिच्यात लांडग्याचं एक पिल्लू घरातून पळतं, खोटं बोलतं, वाघाच्या तावडीत सापडतं. ते पुरात उडी टाकतं, त्या पानाशी ताईंनी पुस्तक मिटलं, तर भेकराची गोदी चरायलाच जाईना.

पोर चरत नाही, म्हणजे पुस्तकातच काहीतरी वाईट असणार. पालक-समितीने कादंबरी तपासायला घेतली. वाचली मात्र कुणी नाही. एवढा वेळ कुणाला होता?

अध्यक्ष गवेसाहेब म्हणाले, घरातून पळणं आणि खोटं बोलणं काढा, संस्कारांचा प्रश्न आहे. हरिणवहिनींना वाघ नको होता, मुलं झोपेत दचकतात म्हणून. वाघसाहेबांनाही नको होता. वाघ वाईट दाखवल्याने त्यांच्या समाजाच्या भावना दुखावत होत्या. हरीण आणि वाघ यांचं असं एकमत जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं. माकडकाकांनी विचारलं, याने स्कॉलरशिपचे मार्क वाढतील का? तेव्हा पुराच्या जागी पाण्याचे गुणधर्म घालायचं ठरलं.

ताईंच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले. मग गवेसाहेबांनी हळूच सांगितलं की, या जागेत शिकवणीचे वर्गही छान चालतील. ताईंनी काटे खाली केले. एखादं पान गेलं तर काय बिघडतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या पानालाही घातली. तिसऱ्या पानाला गरज पडली नाही.

नव्या आवृत्तीचं वाचन ठरलं. गोदी धावत येऊन पहिल्या रांगेत बसली. मागे समिती बसली. ताईंनी वाचलं. गोदीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"ताई, ते पिल्लू पुरातून वाचलं का?"

ताईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "अगं, ते घरीच होतं. कुठे गेलंच नव्हतं."

"मग मी इतके दिवस कुणाची काळजी करत होते?"

 उत्तर ताईंना माहीत होतं, पण ते समितीकडून मंजूर झालेलं नव्हतं. गोदी उठली आणि चरायला गेली. परत वाचनालयात आली नाही. हळूहळू बाकीची पिल्लंही येईनाशी झाली. चरण्यात लक्षणीय सुधारणा झाल्याची समितीने आनंदाने नोंद घेतली.

वर्षअखेरीस समितीने ताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. काट्यांमुळे शाल अंगावर नीट बसली नसती, म्हणून ताईंनी पाठीवरचे काटे आदल्या दिवशीच कापून घेतले होते. भाषणात त्या म्हणाल्या, "हल्लीची पिल्लं वाचतच नाहीत हो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गवेसाहेबांचे तर डोळे पाणावले.

तात्पर्य: मुलांसाठी कादंबरी निवडताना मुलांना कधीही विचारू नये. त्यांनी ती वाचलेली असण्याचा धोका असतो.