घोडे बाहेर पाहिजेत

हे तुम्ही केलंत. नाव घेत नाही, कारण तुमचं नाव आम्हा कुणालाच माहीत नाही. नियमांच्या पुस्तकाच्या शेवटी नुसती 'समिती' म्हणून सही असते. कुठल्यातरी गार खोलीत, पोटभर जेवून, तुम्ही ठरवलंत की यंदापासून सामन्यात ज्यांच्या दुनळी बंदुकीचे घोडे, म्हणजे अंगठ्यानं मागे सारायचे ते खटके, बाहेर दिसतात त्यांची टोळी वेगळी, आणि ज्यांचे घोडे आत लपलेले त्यांची वेगळी. जुन्या काळाची शिस्त म्हणे! जुन्या काळातलं तुमच्यापैकी कोण जिवंत आहे? तुमच्या त्या एका ओळीनं साउथ डकोटातल्या एका सरळ माणसाचं काय केलं ते ऐका. ऐकावंच लागेल.

माणसाचं नाव लेलँड स्कोगेन. जन्मभर शेतावरच्या घरांना गॅस पुरवणारी टाकीगाडी चालवली आणि आता घरी बसला. महिन्यातून एका शनिवारी तो आम्हा सगळ्यांसारखाच पणजोबांच्या काळातले काउबॉयचे कपडे चढवतो, गावाबाहेरच्या माळावर येतो आणि फळ्या ठोकून उभ्या केलेल्या खोट्या बँकेपुढे, खोट्या दारूगुत्त्यापुढे उभा राहून लोखंडी पाट्यांवर बार काढतो. आमच्यात खऱ्या नावानं हाक मारायची पद्धत नाही. प्रत्येकानं एक टोपणनाव नोंदवायचं, की झालं. बायको मेली तरी लोक टोपणनावानंच सांत्वन करतात. लेलँडनं 'एकांडा लांडगा' हे नाव घेतलं होतं. घेतलं तेव्हा ते त्याला मर्दानी वाटलं होतं. पुढे ते नुसतं खरं ठरलं.

आणि आमच्यात एक 'बारूदबाई' होती. उंच, काटकुळी, गवती हॅटला निळी फीत. तिच्याकडे डाकगाडीवरच्या पहारेकऱ्यांची असायची तसली आखूड दुनळी, पाठीवर सशाच्या कानांसारखे दोन घोडे उभे. मांजरीचे कान मागे सारावेत तसे ती ते दोन्ही घोडे एकाच अंगठ्यानं मागे सारायची आणि बार काढायची. काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्या गवतात उडायच्या. त्या वेचून द्यायचं काम टोळीतला कुणीही करतो. आमच्या टोळीत ते लेलँडच करायचा, आणि दुसऱ्या कुणी वाकायचा प्रयत्न केला तर त्याच्याकडे असं बघायचा की तो माणूस तसाच सरळ व्हायचा.

"सगळ्या मिळाल्या?" ती ओरडून विचारायची. ओरडून, कारण माळावर सगळ्यांच्या कानांत बोळे असतात.

"एक राहिलीय! शोधतो!"

ती एक त्याच्या मुठीत असायची. जेवणाच्या वेळेपर्यंत तो ती जपून ठेवायचा आणि मग तिच्या टेबलाशी जाऊन द्यायचा. "मिळाली! गवतात होती!"

"थँक्यू, लांडगेराव!"

एवढंच. महिनाभर पुरायचं त्याला.

मग तुमचा नियम आला. लेलँडच्या बंदुकीचे घोडे आतले. त्याची टोळी माळाच्या पश्चिमेला गेली, तिची पूर्वेला. जेवणाच्या वेळासुद्धा वेगळ्या केल्यात तुम्ही. त्या शनिवारी लेलँडनं एकही पाटी पाडली नाही. तो सारखा पूर्वेकडे बघत होता, आणि तिकडे चण्याएवढी निळी फीत दिसत होती.

"बाहेर घोडे असलेली घे एक," मर्ल म्हणाला. मर्ल हा त्याचा दोस्त, टोपणनाव 'फाशीवाला'. शाळेत संगीत शिकवायचा. बँडमधल्या पोरांखेरीज त्यानं कुणाचा गळा घोटलेला नाही. "वापरलेली घे. नवीन बंदूक म्हणजे नवीन बूट, चावते. आणि निवडताना मला ने. तू भोळा आहेस, तुला कुणीही पाईप विकेल."

रॅपिड सिटीच्या बंदूक बाजारात पहिली मिळाली. बेल्जियमची, नळ्यांवर लाटांसारखी नक्षी. लेलँड विरघळला. मर्लनं नळ्या सोडवून बोटावर टांगल्या आणि मधल्या बोटाच्या पेरानं टिचकी मारली. चांगली नळी घंटेसारखी वाजते. ही ओल्या मडक्यासारखी वाजली.

"सांधा सुटलाय," मर्ल म्हणाला. "शिवाय बेसूर."

"बेसूर म्हणजे? बंदूक आहे ती, क्लॅरिनेट नाही," विकणारा म्हणाला.

"क्लॅरिनेट फुटली तर ओठ जातो, दादा. ही फुटली तर याचं तोंड जाईल. तसंही फार नाही, पण आहे ते राहू दे."

दुसरी गहाणवटीच्या दुकानात. नळ्या खणखणीत वाजल्या, मर्ल खूश. पण घोडे इतके ताठ की लेलँडनं अंगठ्याचा जोर लावला आणि अर्ध्यावरून अंगठा निसटला. घोडा खाली आला तो त्याच्या अंगठ्याचं कातडं धरूनच. दुकानदारानं काउंटरमागून चिकटपट्टी काढली. तिथे ती तयारच ठेवलेली होती. यावरूनच काय ते कळायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी मर्लला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, आणि लेलँडला धीर नव्हता. नदीपलीकडच्या एका रँचवाल्यानं दुनळी दाखवली. आखूड, काळीभोर, बाहेर दोन सुबक घोडे. लेलँडच्या अंगठ्याला केवढंतरी बँडेज, त्यामुळे घोडे ओढून बघता येईनात. रँचवाला म्हणाला, "कशाला त्रास घेता? माझ्या आजोबांची आहे." लेलँडनं आपली चांगली, आतल्या घोड्यांची बंदूक त्याला देऊन टाकली आणि ही घेऊन आला. वर रँचवालीनं भाजलेला अर्धा ॲपल-पायसुद्धा आणला. तो मात्र चांगला होता.

पुढच्या शनिवारी ऐटीत पूर्वेच्या टोळीत गेला. निळी फीत हाताच्या अंतरावर. पंचांनी तपासणीसाठी बंदूक मागितली, घोडा ओढला, आणि घोडा त्यांच्या हातात आला. शोभेचा होता. डिंकानं चिकटवलेला. बंदूक आतल्या घोड्यांनीच चालायची.

"लांडगे," पंच घोड्याकडे बघत म्हणाले, "हे दोन्ही बाहेर आहेत, पण काम करत नाहीत. तुला या टोळीत घेता येणार नाही."

"बरं. मग मी पश्चिमेला जातो."

"तिकडेही नाही. तिकडे बाहेर घोडे दिसता कामा नयेत. नियमात 'दिसता कामा नयेत' असंच लिहिलंय."

"मग उपटून टाकू?"

"उपटलेस तर बंदुकीत फेरफार केला म्हणून वर्षभर बाद."

बघा, काय लिहून ठेवलंयत! त्या दिवशी लेलँड धड आतला नव्हता, धड बाहेरचा नव्हता. तो गाडीत बसून राजमाच्या रश्शाचा डबा खात बसला, एका हातानं, कारण दुसऱ्या हातात तो सुटलेला घोडा होता. बारूदबाई लांबून एकदा त्याच्या गाडीकडे बघून गेली. तिला वाटलं, पोट बिघडलं असेल.

मग पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर ती चिठ्ठी दिसली. 'डाकगाडीची दुनळी. वापरलेली. घोडे बाहेर, आणि खरे. अंगठ्याला सोपी. ए. नोवोत्नी.' खाली फोन नंबर.

मर्लनं बजावलं, "फोनवर आधी बंदुकीला नावं ठेव. त्याशिवाय इथे कुणी खरेदी करत नाही. मऊ वागलास तर मेलास."

लेलँडनं फोन लावला. बाईचा आवाज आला, खोल, जरा घोगरा. असला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

"दस्ता तडकलेला असेल," लेलँड म्हणाला.

"नमस्कार तर म्हणा आधी."

"नमस्कार. दस्ता तडकलेला असेल."

"नाही तडकलेला."

"नळ्यांत गंज असेल."

"गंज तुमच्या डोक्यात असेल. नळ्या आरशासारख्या आहेत."

"बिजागरी खिळखिळी असेल, एवढी जुनी म्हणजे."

"मीही जुनी आहे. माझी नाहीय खिळखिळी. तुम्हाला बंदूक पाहिजे की भांडायला कुणीतरी पाहिजे?"

मर्ल शेजारून हातवारे करत होता, अजून हाण, अजून हाण. पण लेलँडकडचा साठा संपला होता.

"पाहिजे हो, बाई," तो म्हणाला. "फार पाहिजे."

"कशाला एवढी?"

अनोळखी माणसाला खरं सांगायला सोपं जातं. लेलँड पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "एका बाईच्या शेजारी उभं राहायचंय."

"बंदूक घेऊन?"

"आमच्यात तसंच असतं."

"ती काय म्हणते?"

"तिला माहीत नाही. मी तिच्या नळकांड्या वेचतो. गेली कितीतरी वर्षं. आता वेचता येत नाहीत, टोळी बदललीय."

"आणि नाव काय या बाईचं?"

"खरं नाव मलाही माहीत नाही. आम्ही बारूदबाई म्हणतो. तुम्ही नसाल ओळखत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"शनिवारी सकाळी या," बाई म्हणाली. आवाज आणखी घोगरा झाला होता. "आणि कानांत काही घालून येऊ नका. मला ओरडायचा कंटाळा आलाय." फोन ठेवला.

"कानांत काय घालणार मी?" लेलँडनं विचारलं.

"म्हातारी दिसतेय. बहिरी असेल," मर्ल म्हणाला. "भाव काय सांगितला?"

"विचारला नाही."

मर्लनं कपाळाला हात लावला.

शनिवारी लेलँड दाढी करून गेला. दार उघडलं ती बाई चष्मा लावलेली, अंगात ढगळ स्वेटशर्ट, डोक्यावर काही नाही. हॅटशिवाय, बोळ्यांशिवाय, लांब घेराच्या झग्याशिवाय तो तिला पहिल्यांदाच बघत होता. ओळखायला त्याला एक क्षण लागला. मग तो मागे सरला आणि पायरीवरून पडता पडता वाचला.

"ये, लांडगेराव," ती म्हणाली. "टेबलावर आहे. दस्ता तडकलाय का ते बघ आधी."

"मी... तो मर्ल म्हणाला नावं ठेव म्हणून..."

"खरं नाव काय तुझं?"

"लेलँड."

"लेलँड." तिनं ते तोंडात घोळवून बघितलं. "बरं आहे. लांडग्यापेक्षा बरं आहे. मी अर्डिस. कॉफी घे."

कॉफी घेताना ती एकदम म्हणाली, "ती एक नळकांडी तुझ्या मुठीत असायची. मला दिसायचं."

"मग बोललीस का नाही?"

"मी कशाला बोलू? मी बंदूक मुद्दाम वाऱ्याकडे तोंड करून उघडायचे, लांब उडाव्यात म्हणून. तुला वेचायला वेळ लागायचा. बरं वाटायचं." तिनं कप खाली ठेवला. "कानांतले बोळे काढून एकदा विचारायचं होतंस, गाढवा."

तेव्हा लेलँडला खोलीतली खोकी दिसली. दोरीनं बांधलेली, भिंतीला लावून ठेवलेली. पडदे काढलेले.

"सोमवारी मुलगी न्यायला येतेय," ती म्हणाली. "डुलुथला. जिने चढवत नाहीत आता. घर गेलं विकून."

डुलुथ इथून दिवसभराच्या रस्त्यावर. लेलँडनं बंदूक उचलली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली, आणि बँडेज नसलेल्या अंगठ्यानं हळूच दोन्ही घोडे मागे सारले. टक्. टक्. इतकी वर्षं तो हे बघत आला होता. आवाज आज ऐकला. अगदी छोटा असतो.

"घेतो मी ही," तो म्हणाला.

"विकायची नाहीय."

"जाहिरात?"

"जाहिरात दिली तेव्हा मला काय माहीत! ही घेऊन तू त्या माळावर पूर्वेला उभा राहणार, आणि शेजारी कोण? मी तर नसणार. गवतात कुणाच्या नळकांड्या शोधणार तू?" ती उठली आणि बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. "डुलुथजवळ क्लब आहे. मे महिन्यात सामना. ही माझ्याबरोबर येईल. तूही ये. आधी मी बार काढीन, मग तू काढ. एकाच टोळीत."

लेलँड रिकाम्या हातानं परतला. मर्ल दारातच उभा होता.

"बंदूक कुठाय?"

"डुलुथला चाललीय."

"अरे, तू घ्यायला गेला होतास ना?"

"हो."

मर्लनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढची शिवी गिळली. मग तो शिक्षक असल्यामुळे त्याला शंका आली. "पण लेलँड, दुसऱ्याच्या बंदुकीवर त्या टोळीत उभं राहता येतं का? स्वतःची लागते की नाही?"

कुणालाच माहीत नव्हतं. पंचांना माहीत नव्हतं. लेलँडनं तुमच्या कार्यालयात फोन केला. एका गोड आवाजाच्या पोरीनं सांगितलं, समितीला विचारावं लागेल. समिती कधी बसते? वर्षातून एकदा. जूनमध्ये.

सामना मे महिन्यात आहे.

लेलँड रोज संध्याकाळी झाडूच्या दांड्याला दोन खिळे ठोकून अंगठ्याचा सराव करतो आणि मग डुलुथला फोन लावतो. परवा मी त्याच्या घरी होतो. फोनवर तो काही बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. पलीकडे ती घोडे मागे सारून त्याला आवाज ऐकवत होती. मी हॅट उचलली आणि बाहेर आलो.

तेव्हा समितीवाले, टेबलावरच्या पेस्ट्र्या बाजूला सारा आणि इकडे बघा. तो सत्तरीला टेकलाय, ती टेकून गेलीय. माणसं दोन आहेत, बंदूक एक आहे, घोडे बाहेर आहेत आणि खरे आहेत. एका टोळीत उभं राहू द्याल की नाही? जूनमध्ये नको. आत्ता सांगा.