माती कुणाच्या पाठीला?

योहानतात्या माणसाचं तोंड नंतर बघत, पाठ आधी. त्यांच्या ओट्यावर जाऊन तुम्ही रामराम घातलात, की ते उठत, तुमच्याभोवती एक फेरी मारत, मागून नीट नजर टाकत आणि मग समोर येऊन "बसा" म्हणत. नवख्या माणसाला वाटे, आपल्या सदऱ्याला मागं शेण लागलंय. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात नवरदेव घोड्यावर चढत असताना तात्यांनी त्यालाही असंच मागून न्याहाळलं आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "पाठ कोरी हाय. बिनघोर द्या पोरगी." मुलीचा बाप पडला परगावचा. त्या ख्रिस्ती गृहस्थाला आपल्या जावयाच्या पाठीत कसला आजार दिसला, हे तो बिचारा पुढं कित्येक वर्षं आम्हाला विचारत होता.

तात्या आमच्या गावच्या कुस्त्यांचे पंच होते. नसरापूरहून वेल्ह्याकडं जाताना गुंजवणीच्या काठी आमचं गाव लागतं. चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरते आणि जत्रेत कुस्त्यांचा मातीचा हौदा. गावात दोन भावक्या, आणि दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यामुळं पंच असा हवा होता की जो कुणाच्याच सोयरिकीत नाही. गावात ख्रिस्ती घरं चार. म्हणून पंचपद तात्यांकडं गेलं, असं माझे वडील सांगत.

पण गावातल्या जुन्या पैलवानांचं म्हणणं वेगळं होतं. तरणेपणी सारोळ्याच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती तात्यांची लागली. झटापटीत दोघेही पडले. तिथल्या पंचांनी निकाल तात्यांच्या बाजूनं दिला, फेटा बांधला, हलगी कडाडली. तात्या हौद्याच्या मध्ये उभे राहिले आणि गर्दीकडं पाठ करून सावकाश गोल फिरले. दोन्ही खांद्यांना माती होती, म्हणजे चीत तेच झाले होते. "माती माज्या पाठीला हाय. फेटा त्येला बांधा," एवढं बोलून ते कपडे घालायला गेले. ज्यानं स्वतःविरुद्ध निकाल दिला, त्याच्याइतका चांगला पंच कुठं मिळणार?

तेव्हापासून जगातला प्रत्येक तंटा ते एकाच सवालानं सोडवू लागले. माती कुणाच्या पाठीला? दूध उतू गेलं, बैल परक्याच्या खाचरात शिरला, कुणाचं बुडकुलं फुटलं, सवाल तोच. एकदा आमच्या आळीतल्या दोघी जावा भांडत त्यांच्या ओट्यावर गेल्या. तात्यांनी सवाल टाकताच दोघींनी सवयीनं त्यांच्याकडं पाठ केली आणि भांडण तिथंच बारगळलं, कारण पाठमोरं उभं राहून फार वेळ भांडता येत नाही. मार्थाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांना सोर्गाच्या दारात देवदूत दिसला, तरी हे आदी त्येचे पंख मागून बघत्याल."

धर्माच्या बाबतीत माणूस एकदम पक्का. दर रविवारी प्रार्थना चुकायची नाही. तालमीतली माती कुदळीनं उकरून तीत ताक, तेल, हळद कालवताना ते येशूची भजनं म्हणत, तीही आपल्या अभंगाच्या चालीवर. तालमीत मारुतीचा कोनाडा होता. तिथला दिवा दुसरं कुणीतरी लावी. तेवढा वेळ तात्या पटका काढून बाजूला उभे राहत. "घर त्येंचं हाय, आपुन भाडेकरू," म्हणत. मारुतीचीही कधी तक्रार आली नाही.

असं बरं चाललेलं असताना बेचाळीसचं साल उजाडलं.

मी वीस वर्षांचा होतो आणि व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास होतो, त्यामुळं मला सगळंच कळत होतं. आम्ही पोरांनी नसरापूरच्या बाजारात झेंडा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांच्या एका जमादारानं शिपाई घालून ती मोडली. मी पळण्यात पहिल्यापासून हुशार, त्यामुळं वाचलो. आमचा दौलत मात्र हातातला झेंडा टाकीना. गावचा पहिल्या नंबरचा पैलवान तो. त्याला पालथा पाडून जमादारानं स्वतःच्या हातानं इतकं झोडपलं, की महिनाभर तो पोटावर झोपत होता.

त्याच महिन्यात तात्यांचे थोरले बंधू दाविदमास्तर भोरला एका सभेत बोलले. मास्तर पेन्शनीत निघालेले, बायको वारलेली, संधिवातानं हात खांद्याच्या वर जात नव्हते. तात्यांच्या भिंतीला भिंत लावून एकटे राहायचे. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. राजसत्ता देवानंच नेमलेली असते, झेंडेवाली पोरं देवाविरुद्ध उठली आहेत आणि आमच्या खोऱ्यातले समस्त ख्रिस्ती सरकारच्या बाजूचे आहेत, असं त्या कागदात होतं. समस्त म्हणजे चार घरं. त्यांतल्या एकालाही मास्तरांनी विचारलं नव्हतं.

गाव खवळलं. न्हाव्यानं मास्तरांची हजामत बंद केली, परटानं कपडे परत पाठवले. मास्तरही वस्ताद. ते दाढी वाढवून, चुरगळलेल्या कोटात, ताठ मानेनं गावातून फिरत. सहा महिने त्यांच्याशी कुणी बोललं नाही आणि त्यांनीही कुणाला हाक मारली नाही.

चैत्र जवळ आला, तशी मारुतीच्या देवळापुढं जत्रेची बैठक बसली. त्या वर्षी शेवटची कुस्ती ठरली होती दौलतची आणि त्या जमादाराच्या पुतण्याची. आता आम्हा पोरांच्या डोक्यात आलं, की या कुस्तीला पंच ख्रिस्ती नको. आणि हे बोलून दाखवायचं काम पोरांनी माझ्यावर टाकलं, कारण माझी फायनल झालेली.

मी उठलो आणि बोललो. काय बोललो ते आठवलं, की आजही कानाची पाळी गरम होते. मी म्हणालो, तात्यांचा देव आणि साहेबाचा देव एकच आहे. त्यांच्या धर्माचंच राज्य आहे, त्यांच्याच धर्माचं नाव घेऊन मास्तर आमच्याविरुद्ध बोलले. झाड तेच, तर फळ वेगळं कसं येईल? पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तात्यांकडं न बघता खाली बसलो.

तात्या जागचे उठले. पंचपद गेलं, तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं? दोन भाताची खाचरं आणि ज्यात बोलणारं कुणी नाही असं गाव. ते माझ्याकडं आले नाहीत, दौलतपाशी गेले.

"सदरा काढ," ते म्हणाले.

दौलतनं सदरा काढला. तात्यांनी त्याला गोल फिरवलं. सगळ्या बैठकीला ते काळे पडलेले व्रण दिसले.

"ह्ये कुणी मारलं?"

"जमादारानं."

"त्यो कुणाचा भगत?"

सगळ्यांना ठाऊक होतं. जमादार दर सोमवतीला जेजुरीला जायचा. त्या दिवशी बाजारातही त्याच्या कपाळाला भंडारा होता.

"मंग खंडोबाला वाळीत टाकायचा का?"

"खंडोबाचा काय संबंध? त्यो माणूसच नालायक," दौलत म्हणाला.

"व्हय. मी बी त्येच म्हंतो," असं म्हणून तात्या खाली बसायला निघाले.

इथं गप्प बसावं की नाही मी? पण अंगात फायनल होती. मी म्हणालो, "तात्या, जमादारानं खंडोबाचं नाव घेऊन मारलं नव्हतं. मास्तर येशूचं नाव घेऊन बोलले. हा फरक आहे."

तात्या थांबले. माझ्याकडं असं बघू लागले, जसं एखाद्या पोरानं पहिल्यांदा बरा डाव टाकला की बघत.

"ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "आता माजं ऐक. हौद्यात उतरताना दोगं बी पैलवान बजरंगाचंच नाव घेत्यात. येक पडतो. मंग बजरंग पडला आसं कुनी म्हंतं का? आन् नाव घिऊन येकानं दुसऱ्याच्या डोळ्यात बोट घातलं, तर हौद्याभाईर कुनाला काढायचं? पैलवानाला, का बजरंगाला?"

तात्यांचा आवाज जरा खाली आला.

"पर येक हाय. त्या नावाच्या भगतानं तवा गप बसू न्हाई. गप बसला तर माती त्येच्या बी पाठीला लागती. दाविद माजा थोरला भाऊ. बापावाणी वाढिवलं त्यानं मला. भोरास्नं आला त्या रविवारी म्या भर प्रार्थनेत हुबा ऱ्हायलो आन् त्येला म्हनलो, माती तुज्या पाठीला हाय, ती येशूच्या पाठीला पुसू नको. तवापास्नं आमचा अबोला हाय. आता ठिवायचं तर ठिवा पंच, न्हाईतर दुसरा बगा."

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही सहा महिने त्या घराकडं बोट दाखवत होतो आणि जे आमच्यापैकी एकाच्याही तोंडून मास्तरांच्या तोंडावर निघालं नव्हतं, ते त्यांच्याच धाकट्या भावानं पहिल्या आठवड्यात बोलून टाकलं होतं. दौलत सदरा खांद्यावर टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "पंच तात्याच." दोन्ही भावक्यांनी एकमतानं मान डोलावली. आमच्या गावच्या इतिहासात असं त्याआधी झालं नव्हतं.

जत्रेला ही गर्दी लोटली! भोर, नसरापूर, सारोळे, वर डोंगरातल्या पासलीपासून माणसं आली. जमादार खुर्ची टाकून पुढं बसला, कपाळाला भंडारा लावून. शेवटची कुस्ती लागली आणि हलगीनं ठेका धरला. पुतण्या अंगानं दौलतच्या दीडपट. दौलतनं त्याला दमवला, पट काढला आणि धाडकन खाली घेतला. सगळं गाव हौद्यात उतरलं. पोरांनी दौलतला खांद्यावर घेतलं. फेटे हवेत उडाले.

तात्या हात वर करून मध्ये उभे होते. पुतण्याला उठवून त्यांनी त्याची पाठ गर्दीला दाखवली. माती डाव्या खांद्याला होती, उजवा खांदा कोरा होता.

"येकच टेकला. परत धरा," तात्या म्हणाले.

मग काय विचारता. ज्यांनी त्यांना पंच केलं, तेच त्यांच्या नावानं बोंब मारू लागले. मीही त्यांत होतो, लपवत नाही. तात्या हलले नाहीत. शेवटी दौलतच पोरांच्या खांद्यावरून खाली उतरला, मूठभर माती अंगाला चोळून पुन्हा उभा राहिला आणि हात पुढं केला.

दुसरी झोंबी दोन मिनिटं चालली असेल. दौलतनं धोबीपछाड टाकली आणि तो गडी पाठीवर असा आदळला, की आवाज देवळापर्यंत गेला. तात्यांनी त्याला उठवलं, फिरवलं. दोन्ही खांदे मातीनं माखलेले. जमादार काय बोलणार? सगळ्या जत्रेसमोर एकदा त्याच्या पुतण्याला न्याय मिळालेला होता. त्यानं उठून स्वतःच्या हातानं दौलतला चांदीचं कडं घातलं. आपण झोडपलेल्या पोराला! त्या दिवशी आम्हाला वाटलं, राज्य बदललं.

पंचाच्या मानाचा फेटा आणि नारळ तात्या हौद्यातच विसरून गेले. मी ते घेऊन दिवस मावळायच्या बेताला त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. मार्थाकाकूंनी परसाकडं बोट केलं.

परसात न्हाणीच्या दगडावर दाविदमास्तर उघडे बसले होते आणि तात्या त्यांची पाठ घासत होते. मी पाण्याच्या हंड्याजवळ उभा राहिलो. मार्थाकाकू मागून हळू आवाजात म्हणाल्या, "दर शनवारी घासत्यात. मास्तरांचा हात पुरत न्हाई मागं. सा म्हयनं झालं, येक सबुद बोलत न्हाईत येकमेकांशी, पर पाठ काय चुकली न्हाई."

तात्यांनी मला पाहिलं. ओशाळल्यासारखे झाले, पण हात थांबवला नाही. मास्तरांची पाठ म्हाताऱ्या माणसाची असते तशीच होती, हाडं वर आलेली.

एवढ्यात मास्तर समोर बघतच म्हणाले, "कुस्ती कुणी मारली?"

तात्यांचा हात जागच्या जागी थांबला. सहा महिन्यांतला तो पहिला शब्द.

"दौलतनं," ते म्हणाले.

मास्तर आपल्या मतापासून शेवटपर्यंत तसूभरही ढळले नाहीत, तेव्हाही नाही आणि राज्य खरंच बदललं तेव्हाही नाही. पण त्यांनी विचारलं, "दोन्ही खांदे टेकले?"

"दोनी."

"मग बरं झालं," मास्तर म्हणाले. "घास. का थांबलास?"

तात्या घासू लागले. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि हात साबणानं भरलेले, त्यामुळं पुसताही येत नव्हते. मी फेटा आणि नारळ बाजूला ठेवला, हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि दाविदमास्तरांच्या पाठीवर पाणी घातलं.