एका हाताने उघडणाऱ्या चाकूची हकीकत

श्रीबिरोबा सांभाळो. ऐकणाराचे कान आणि सांगणाराची जीभ दोन्ही ठिकाणावर राहोत. शके कोणता ते या राज्यात कोणी लिहून ठेविले नाही. परंतु ज्या साली धन्याचे धाकट्या कन्येचे लग्न, वरातीचे घोडे नवऱ्या मुलास घेऊन पळाल्यामुळे, एकाच मांडवात दोन वेळा लागले, तेच हे साल. त्या साली श्रावणमासी वर्तमान ऐसे जाहले की राज्याचे धनी म्हाळू आबा यांचे डाव्या अंगावरून वारे गेले.

राज्यास नाव म्हणावे तर नाही. सीमाही नाही. जेथे मेंढरे बसतील ती राजधानी, आणि मेंढरे उठली म्हणजे राजधानी उठली. रयत तीनशेंच्या वर, सर्व लोकरीची. कोतवालीस दोन कुत्री. खजिना व मुदपाकखाना एका घोडीच्या पाठीवर, म्हणजे पातेली, तवा, घोंगड्या, पायास दोर बांधलेल्या कोंबड्या, चालू न शकणारी कोकरे, आणि चालू न शकणारी माणसे. राज्यचिन्ह म्हणाल तर धन्याचे कमरेस घडीचा चाकू. ज्याचे कमरेस चाकू त्याने पुढे चालावे आणि रयतेने त्याचे मागे यावे, ऐसा रिवाज बापाचे बापापासून चालत आला. कारण वाटेत मेंढरू काटवणात अडकते, दावे गळ्यास फासते, खुरात काटा मोडतो, आणि पुढला माणूस ते सोडवू शकला नाही तर मागले सारे त्याजवर येऊन पडते. म्हणून चाकू रोज कमरेस असावा, सणास असावा, सोयरिकीस असावा, आणि ज्यास तो उघडता येत नाही त्याने घोडीवर कोंबड्यांत बसावे.

आता आबांचा पाय महिन्याभरात सुधारला आणि जीभ तर कधी बिघडलीच नव्हती, परंतु डावा हात लोंबता राहिला. आणि जुना चाकू ऐसा की पात्यास नखाची खाच, एका हाताने मूठ धरावी आणि दुसऱ्या हाताचे नखाने पाते ओढावे. तेव्हा एके दिवशी युवराज धुळाजी, आबांचे थोरले चिरंजीव, पाणवठ्यावरून येत असता त्यांनी पाहिले की आबा बाभळीआड बसून चाकू दोन्ही गुडघ्यांत धरून झटत आहेत आणि घाम गळतो आहे. धुळाजी जवळ गेले आणि म्हणाले, "आबा, चाकू खाली ठिवा. मी उचलतो." कारण चाकू हातातून हाती देत नाहीत, वैर होते; देणाराने भुईवर ठेवावा आणि घेणाराने उचलावा. आबा म्हणाले, "मी खाली ठेवला तर मला बी उचलावं लागंल. तू हो बाजूला." मग त्याच सांजेस तळावर मसलत बसली आणि राणीसाहेब गजराबाई भाकरी थापता थापता बोलल्या, "अवं, दातानं उघडा की." आबा म्हणाले, "दात असतं तर चाकू कशाला लागला असता?" यावर धुळाजी म्हणाले की दिवाळी झाली की कोकणात कूच आहे, मधे घाट आहे, घाटात पुढला माणूस दोन्ही हातांचा पाहिजे, आबांनी आता घोडीवर बसावे, यात कमीपणा काय आहे. आबांनी कोंबड्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "एका हातानं उघडणारा चाकू मिळाला तर?" धुळाजी म्हणाले, "मिळाला, खूर तासण्याइतका दणकट असला, आन् काम करताना मिटला न्हाई, तर घाटापत्तूर तुमी पुढं. घाटाच्या तोंडाला घोडीवर." गजराबाई म्हणाल्या, "त्यास्नी बसवा, पण मला त्यांच्याबरोबर बसवू नका. वाटंनं बोलून बोलून जीव घेतील." ऐसा तह ठरला.

मग आश्विनमासी आठवड्याचे बाजारी स्वारी गेली. तेथे बाबालाल शिकलगार म्हणोन एक हत्यारांचा व्यापारी, पोत्यावर सुऱ्या, विळे, कात्र्या मांडून बसलेला, आणि दाढी मेंदीने रंगविलेली. त्याने आबांचा हात पाहिला आणि काही न पुसता प्रथम एक लाल चकचकीत चाकू पुढे केला, ज्याचे पोटातून आठ पाती निघत होती. आबांनी पुसले, "हे काय?" बाबालाल म्हणाला, "हे बूच काढायचं." "कशाचं?" "बाटलीचं." "आन् हे?" "हे बी बाटलीचं, येगळ्या जातीच्या." "हे बारीक?" "दात कोरायचं." आबा म्हणाले, "आमच्यात त्येची गरज सरली. ह्यात चाकू कुठला?" तेव्हा बाबालालने सर्वांत लहान पाते दाखविले. आठ प्रधान, आणि लढाईस उपयोगी एकही नाही, ऐसे पाहून तो दरबारातून परत पाठविला. मग दुसरा आणला, हस्तिदंतासारखी मूठ, नाजूक, आंगठ्याने सहज उघडे. आबांनी उघडला आणि बाभळीचे फांदीत रोवून दाबला, तो चाकू कामाच्या मध्येच आपणहून मिटला आणि धन्याचेच बोटाचे रक्त घेतले. बाबालाल म्हणाला, "आबा, तो फळं कापायचा हाय." आबा बोट चोखीत म्हणाले, "मग हे काय फळ वाटलं त्याला?" फितुराचे जागी दयामाया नाही, तोही परतला.

तेव्हा बाबालालने पोत्याखाली हात घातला आणि तिसरा काढिला. मूठ शिंगाची, पाठ करंगळीइतकी जाड, पाते टीचभर नाही पण रुंद, आणि पात्याचे बुडाशी एक गुंडी बसविलेली. गुंडीवर आंगठा ठेवून रेटावे तो पाते बाहेर येऊन खट्ट ऐसा मोठा आवाज करून अडके, आणि मग मुठीतील पट्टी दाबिल्याशिवाय देव आला तरी मिटेना. आबांनी दाव्याचा दोर कापला, एका ओढीत. आपल्याच टाचेची भेग तासली. फांदीत रोवून त्यावर अंगाचा भार दिला, फांदी मोडली. मग पट्टी दाबून मांडीवर टेकून मिटविला, तोही एका हाताने. धुळाजींनी हातात तोलून पाहिले आणि म्हणाले, "आबा, हा कमरेला बांधल्यावर धोतर ऱ्हाईल का?" आबा म्हणाले, "धोतर तुझी आई बघंल." किंमत ठरली ती घेणारा देणारा दोघांसही वाईट वाटली, म्हणजे वाजवी ठरली. बाबालालने चाकू भुईवर ठेविला आणि आबांनी वाकून उचलिला, आणि परतताना साऱ्या वाटेने उघडीत व मिटवीत आले.

येथवर फत्ते. परंतु पुढे गोष्ट ऐसी की कूच करण्यापूर्वी साऱ्या रयतेची खुरे तासावी लागतात, आणि हे काम मेंढरांस मानवत नाही. धुळाजींनी एकेकास पाडून पाय धरावे आणि आबांनी तासावे. आबांस हात एकच, त्याच हाताने पुढले मेंढरू कान धरून ओढायचे, म्हणून दर मेंढरास चाकू मिटवावा आणि दर मेंढरास पुन्हा उघडावा, खट्ट. ऐसे आठवडाभर चालले. खुरे उत्तम तासली गेली. मग कामे संपल्यावर आबा दुपारी भाकरीस बसले, कांदा घेतला, आणि चाकू उघडला. खट्ट होताच तीनशेंवर फौज बसली होती ती एकदम उठली आणि पूर्वेकडील कुळथाचे रानात पळाली, कुत्री मागे, धुळाजी कुत्र्यांमागे. सांज होईतो गोळा करणे चालले. दुसरे दिवशी दावे कापण्यास उघडला, तो पश्चिमेस पळाली. तिसरे दिवशी आबांनी घोंगडीत हात गुंडाळून, मान खाली घालून, आत चाकू उघडला. मेंढरांनी कान टवकारले, क्षणभर विचार केला, आणि पळाली. धुळाजी खोकत परत आले आणि म्हणाले, "आबा, कांदा बुक्कीनं फोडा." आबांनी बुक्कीने फोडला. धुळाजी म्हणाले, "आन् घाटात उघडला तर? एका बाजूला दरी हाय." गजराबाईंनी धुळाजीस भाकरी वाढली आणि आबांस वाढली आणि मधे मिठाची वाटी ठेविली. धुळाजी हळूच म्हणाले, "माझी काय हौस न्हाई आबा. पर मेंढरं दरीत गेली तर आपलं काय ऱ्हातं?" हे खरे होते, आणि खरे असल्यामुळे आबांस त्या रात्रीची भाकरी गोड लागली नाही.

दुसरे दिवशी सकाळी आबांनी धोतराचे सोग्यात मक्याचे दाणे घेतले आणि रयतेचे मध्यभागी जाऊन बसले. चाकू उघडला. सारी पळाली, एक म्हातारी मेंढी राहिली, तिला पळवत नव्हते. तिचे तोंडापुढे दाणे धरिले. तिने खाल्ले. चाकू मिटविला, पुन्हा उघडला, पुन्हा दाणे. लांबून बाकीची पाहत होती. गजराबाई ओरडल्या, "अवं, कोंबड्यांचा मका संपवता व्हय?" आबा म्हणाले, "कोंबड्या घोडीवर बसून खात्यात. ही चालत्यात." मग दोन आली, मग दहा, मग मेंढा आला आणि त्याने आबांस ढकलून दाणे घेतले. दिवाळीपर्यंत ऐसे जाहले की चाकू खट्ट वाजला की रयत होते तेथून धावत यावी. आता यातही उपद्रव होताच. आबांचे पायात काटा मोडला तो काढण्यास चाकू उघडला, तर साऱ्या राज्याने त्यांजवर चाल केली आणि काटा तेथेच राहिला, आबा मात्र ओढ्यापाशी सापडले. धुळाजी त्यास हसले. परंतु तह मोडला ऐसे म्हणाले नाहीत.

मग कार्तिकमासी कूच जाहले. आबा पुढे, घोंगडी खांद्यावर, डावा हात कमरेच्या शेल्यात खोवलेला, मागे रयत, मग घोडी, मग गजराबाई, आणि शेवटी धुळाजी. मजल दरमजल करीत घाटाचे तोंडास आले. सकाळची वेळ, दरीतून धुके वर येत होते. तेथे धुळाजी मागून पुढे आले, घोडी उभी केली, कोंबड्या उतरविल्या, पाठीवर आबांचे खांद्यावरली घोंगडी चौघडी घातली आणि म्हणाले, "आबा, बसा." आबा म्हणाले, "घाट उतरून बसतो." "उतरल्यावर काय बसायचं? ठरलं होतं." "ठरलं तवा मेंढरं पळत हुती. आता येत्यात." "आबा, हात एक हाय तुमाला." "वाट बी एकच हाय." "हट्ट सोडा आबा, लोक मला नावं ठेवतील, बापाला घाटात चालवला म्हणून." "आन् मला ठेवतील कोंबड्यांचा मामा म्हणून." गजराबाई मध्ये पडून म्हणाल्या, "दोघं बी बसा घोडीवर, मी जाते फुडं." दोन्ही धनी ऐसे भांडत असता रयत आपल्या बुद्धीने पुढे चालू लागली, आणि हे प्रत्येक राज्यात घडते.

इतक्यात खालून परराज्याची तांबडी गाडी, पोटात माणसे भरलेली, धुक्यातून भोंगा करीत वळणावर आली. मेंढरे बिथरली. निम्मी वर पळाली ती डोंगराचे कडेला चिकटून राहिली, आणि निम्मी दगडी कठड्याचे फटीतून खाली उतरली, जेथे गवताची निसरडी पट्टी आणि पुढे धुके, आणि धुक्यात काय ते साऱ्यांस माहीत. धुळाजी कठड्यापाशी धावले आणि हाका मारू लागले. हाका भोंग्यासारख्याच मोठ्या, त्यामुळे मेंढरे आणखी खाली सरकली. कुत्र्यास सोडावे तर मेंढरे पुढेच जाणार. धुळाजींचा आवाज बसला. ते मागे वळले आणि म्हणाले, "आबा." इतकेच म्हणाले.

आबा कठड्यापाशी येऊन दगडावर बसले. गाडीवानास हात करून भोंगा बंद करविला. मग शेल्याखालून चाकू काढिला, गुंडीवर आंगठा ठेविला आणि रेटला. खट्ट. खाली धुक्यात एक घंटी हलली. मिटविला. पुन्हा खट्ट. मेंढ्याचे शिंग दिसले. गाडीतील माणसे खिडक्यांतून माना काढून पाहत होती आणि कोणी खोकलेही नाही. तिसऱ्या खट्टास मेंढा वर आला, मागून एक एक करीत बाकीची आली, वरलीही खाली आली, आणि सारी आबांभोवती दाटून दाण्यांसाठी तोंडे पुढे करू लागली. मका तर मागल्या मुक्कामी संपला होता. तेव्हा आबांनी चाकू मिटवून मांडीवर ठेविला आणि रिकामी मूठ उघडून दाखविली. रयतेने ती हुंगली, थोडी कुरकूर केली, आणि मान्य केले. राज्यकर्त्यांस हा उपाय नवा नाही.

गाडी गेली. धुळाजींनी मेंढरे पुन्हा पुन्हा नजरेने मोजली. मग घोडीवरची घोंगडी काढिली, झटकली, आणि आबांचे खांद्यावर घातली. भुईवरच्या कोंबड्या उचलून घोडीवर बांधिल्या. त्यांस त्यांची जागा परत मिळाली. बसलेल्या आवाजाने म्हणाले, "व्हा फुडं. पर कडंनं चालू नका." आबा म्हणाले, "चालताना मागून शिकवू नगंस." आणि घाट उतरले.

येणेप्रमाणे चाकू निवडिला गेला. तो दणकट होता, एका हाताने उघडत होता आणि कामात मिटत नव्हता, ऐसे त्याचे गुण. आवाज मोठा, हा दोष, आणि पुढे तोच कामास आला. सध्या तो धुळाजींचे कमरेस असून, त्यांस दोन हात असताही ते एकानेच उघडतात. गजराबाई सुखरूप आहेत आणि घोडीवर अद्याप बसल्या नाहीत. म्हाळू आबा पुढील वैशाख वद्य तृतीयेस, परतीचे वाटेवर, घाट चढून आल्यावर, तिसरे प्रहरी वारले. पायी होते.