शेपूट किंचित वर

वाघमारे सर आमच्याकडे आले की लगेच खुर्चीत बसत नाहीत. आधी टेबलासमोर उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "तुमचं टेबल मागून दबलंय." सरांच्या मते मागून दबलेलं काही ना काही आमच्या गेवराईच्या कॉलनीत घरोघर आहे. एका लग्नात तर त्यांनी स्टेजवरचा नवरा-नवरीचा कोच असाच तपासला. नवरीकडच्यांना वाटलं, काहीतरी दागिना पडलाय. तेही वाकून शोधू लागले.

हा नाद त्यांना रेकॉर्ड प्लेअरनं लावला. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. मुलानं पुण्याहून हे यंत्र पाठवलं. सुईचा दांडा मागच्या टोकाला वरखाली करता येतो, हे सरांना कळलं आणि आमचं सुख संपलं. त्या टोकाला ते शेपूट म्हणतात. "शेपूट दबलं की आवाज गोधडीतून आल्यावानी येतो. लई वर गेलं की कानात खुपतो. कळलं का?" कळलं नाही म्हणायची सोय नाही, कारण मग ते पहिल्यापासून सांगतात.

स्क्रू ढिला केला की दांडा खाली घसरतो, म्हणून सर त्याच्या बुडाखाली खेळायचे पत्ते सारतात. पत्ते आमचे. संध्याकाळी रमीला बसावं, तर चौकटची राणी गायब, बदामची सत्ती गायब. विचारलं तर म्हणतात, "कामावर हायेत त्या."

एवढा खटाटोप करून वाजवतात मात्र एकच रेकॉर्ड. त्यांच्या तरुणपणी गावोगाव भीमगीतं गात फिरणाऱ्या एका पार्टीची. सर तिच्यात ढोलकी वाजवायचे आणि त्यांची बायको, शांतावहिनी, मागे कोरसमध्ये गायच्या. वहिनी आता नाहीत.

परवा दुपारी सरांनी आम्हा नवराबायकोला बोलावलं. "आज शेपूट बरोबर बसलंय. या लवकर, लाइट जायच्या आत."

गाणं सुरू झालं. धृपद आलं की कोरसमधल्या चार बायका ते एकदम धरतात. मला चौघींचा मिळून एकच आवाज वाटला, आणि तसं सांगितल्यावर सरांचा चेहरा पडला. माझी बायको मात्र म्हणाली, "थांबा. एक बाई एक शब्द आधीच आली."

प्लेअरसमोर बसलेले सर गुडघ्यांवरच वळले. "ऐकू आलं तुमाला?"

"वहिनी ना? विहारात वंदना म्हणताना पण त्या अशाच पुढं पळायच्या."

सर हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"रेकॉर्डिंगला बी तेच केलं तिनं. दुसऱ्यांदा घ्यायला वेळ न्हवता. मी ढोलकीवरून डोळे वटारलते. मग जन्मभर चिडवलं, तुझ्यापायी रेकॉर्ड बिघडली म्हणून. बाकी गाण्यात ती चौघींत मिसळून गेलीय. त्या एका शब्दाला तेवढी एकटी हाय. शेपूट जरा दबलं की तो बी बुजतो."

मला फार भरून आलं. उगीच एक डोळा मिटून मीही शेपटाकडे बघितलं.

सरांनी सुई हलकेच मागे नेली. पुन्हा धृपद आलं, वहिनींचा तो शब्द आला, आणि बाकीच्या तिघी यायच्या आत सरांनी सुई उचलली.