मुकादमांच्या नेतृत्वगुणांचा विकास

नेतृत्व माणसाच्या अंगी असतंच, पण पाटबंधारे खात्याने विकसित केल्याखेरीज ते ग्राह्य धरता येत नाही. अंथुर्ण्याजवळच्या कालव्यावर जोतीराम मुकादमाने बावीस वर्षं भराव राखले, पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी उपसलेल्या दोन सख्ख्या भावांना एकाच बांधावर बसवून भाकरी खायला लावली. पण हे सगळं विनापरवाना नेतृत्व होतं. १९९६ साली ही गंभीर बाब वरिष्ठांच्या ध्यानात आली.

परिपत्रक निघालं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले सर्व मुकादम व कालवा निरीक्षक (एकूण एकेचाळीस) तीन दिवस बारामतीत शिबिराला बसतील. प्रमाणपत्र मिळेल त्यालाच पुढे निरीक्षकाची जागा. तोवर कालव्यावर कोण राहील, याबाबत परिपत्रकाने मौन पाळलं होतं. (मौन हाही नेतृत्वगुण आहे. पाहा : दिवस पहिला, तास तिसरा.)

जोतीरामला ती जागा हवी होती. निरीक्षकाला मोटारसायकल मिळते, आणि भरावावरून रोज अकरा किलोमीटर चालून त्याचे गुडघे बोलायला लागले होते. इस्त्रीचा सदरा घालून तो शिबिराला गेला.

पुण्याहून आलेल्या विजयसिंह सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कच्चं अंडं ठेवलं. "ही तुमची टीम. तीन दिवस जपायची." एकेचाळीस दणकट पुरुष खिशात अंडी घालून, श्वास रोखून हिंडू लागले. पहिल्याच संध्याकाळी नेतृत्व बासष्ट टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. (मोजणी सरांनी जातीने केली.)

तिसऱ्या दिवशी 'तातडीचे निर्णय' हा तास रंगात आला असताना सभागृहाच्या मागच्या टेबलावरचा फोन वाजला. जोतीरामच्या टोळीतली रोजंदारीवरची मालनबाई अंथुर्ण्याच्या दूध डेअरीतून बोलत होती.

"तात्या, भराव पाझराय लागलाय. खाली वस्ती हाय. कालव्याचं दार खाली पाडून पानी तोडावं तर त्याला कुलूप."

"निरीक्षकसायबाकडं दुसरी किल्ली हाय न्हवं?"

"ते तर तितं तुमच्यापाशीच बसल्यात की!"

जोतीरामने वळून पाहिलं. निरीक्षक आबासाहेब अंड्यावर रुमाल पांघरत होते. दोन्ही किल्ल्या प्रशिक्षण घेत होत्या.

त्याने सरांना अडचण सांगितली. सर प्रसन्न झाले. "वा! उत्तम उदाहरण. आधी गटात चर्चा करू." पाच गट पडले. रंगीत खडू वाटले गेले. कोणता रंग कोणत्या गटाला, यावर मतभेद झाले.

"तात्या, आयकताय का? फोडू का कुलूप?" फोनवर मालनबाई ताटकळली होती.

जोतीरामने खिशातली किल्ली चाचपली. कुलूप सरकारी होतं. जागाही हातची जाणार होती.

"फोड, बाई," तो म्हणाला, आणि एसटी स्टँडकडे पळत सुटला. वाटेत खिशातली टीम फुटली.

तो पोचला तेव्हा कालव्याचं दार खाली पाडलेलं होतं. चौदा बाया खताच्या पोत्यांत माती भरभरून भरावाला टेकू देत होत्या. वस्तीवरची म्हातारीकोतारी मालनबाईने आधीच टेकाडावर नेऊन बसवली होती. जोतीरामने पोत्याला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, तात्या. गुडघं धरतील तुमचं," मालनबाई म्हणाली. "समद्यास्नी च्या सांगा."

त्याने चहा सांगितला. चौदाही कप त्याने स्वतःच्या हाताने वाटले.

महिन्याभरात अहवाल आला. 'संकटसमयी जागा सोडणे' व 'टीम न जपणे' या कारणांस्तव जोतीराम अनुत्तीर्ण. आबासाहेबांचं अंडं शाबूत राहिल्याने ते दोन्ही तालुक्यांत पहिले. कुलूप गंजून आपोआप गळून पडलं आणि गळती निसर्गतः थांबली, असा निष्कर्ष निघाला.

जोतीरामला ते सहन झालं नाही. तो अहवाल लिहिणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "कुलूप गळलं न्हाय, सायेब. मालनबाईनं फोडलं. वस्ती तिच्यामुळं वाचली. तसं लिवा."

साहेबांनी पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा. आडनाव काय?"

जोतीरामने आडनाव आठवून पाहिलं. बावीस वर्षं हजेरीपटावर तो 'मालन व इतर तेरा' एवढंच लिहीत आला होता. साहेबांनी पेन बंद केलं.

वाचकहो, आपल्या कचेरीतही असं एखादं शिबिर झालं असेलच. त्या दिवशी मागे राहून काम कुणी उरकलं, ते जरा आठवून पाहा. आडनाव आठवत नसेल, तर अभिनंदन. आपण उत्तीर्ण आहात.