पहिलं ताट अक्कांना

कुठल्याही हॉटेलात शिरलं की आमच्या अक्का खुर्चीत बसायच्या आधी वेटरला दम भरत. "नोडप्पा, बघ रे बाबा, पहिलं ताट मला. बिसी-बिसी, गरमागरम! वाफ दिसली नाही तर परत धाडीन." शेजारच्या टेबलावर आधी काही गेलंच, तर त्या ताटाकडे अशा बघत की खाणाऱ्याला ठसका लागावा.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं शिंप्यांचं मोठं घर होतं तिकडे कानडी मुलखात, सरस्वतीपुरमला. ते विकलं, आणि घेणाऱ्याने तिथेच झोकदार रेस्टॉरंट काढलं. वेताच्या खुर्च्या, पिवळे दिवे, दारात हातावर मोगऱ्याचा गजरा. अक्कांना मीच हट्टाने घेऊन गेले. तेव्हा मी केस कापले होते, गॉगल कपाळावर चढवायची आणि दोसासुद्धा काट्याचमच्याने खायची. भारी सुधारलेली! माझा तेव्हाचा फोटो पाहून नात अजून हसून गडाबडा लोळते.

मॅनेजर अदबीने म्हणाला, "अम्मा, हॉलमधलं टेबल बुक आहे. मागे शांत जागा देतो, पंख्याखाली."

मागे म्हणजे आमचं जुनं स्वयंपाकघर.

"मागं?" अक्का कडाडल्या. "मागं माझा जन्म गेला! ह्या हॉलमध्ये मामंजी, भावजी, दुकानातले कारागीर, सगळ्यांच्या पंगती उठायच्या. मग आम्ही बायका, चुलीपाशी, गार भात. आज मला हितनं कोण उठवतो बघते!" आणि पदर खोचून मधल्या टेबलाशी बसल्या.

"अक्का, लोक बघतायत." मी गॉगल डोळ्यांवर ओढला.

"बघू देत की. सुम्ने बस तू, गप."

मॅनेजरने टेबलावरची 'राखीव'ची पाटी उचलली.

पहिला दोसा आला. वाफाळता, कडा कुरकुरीत. अक्कांनी वाफ निरखली, आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"अय्यो, पहिलं तुम्हाला हवं ना?"

"मी उठल्यावर तू बसायचीस. तुझ्या पानात नुसती खरवड. मला दिसत नव्हतं होय?"

दुसरा दोसा लवकर येईना. अक्का हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, चुलीपाशी बसायच्या तशाच. मी काटा बाजूला ठेवला, दोसा हाताने मोडला आणि अर्धा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला. घास गिळला. मग हॉलभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "नोडप्पा! हिच्या ताटात चटणी कोण वाढणार?"