चुकीच्या वाटेच्या फिती

विजयसिंह सरांनी नारिंगी फितींची पिशवी मोटारसायकलला अडकवली, तेव्हा त्यांच्या पत्नी क्रांतीताई दारातच उभ्या होत्या. "नुसत्या बांधूनच येणार न्हवं?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "बांधूनच." ताईंचा विश्वास बसला नाही, पण सरांच्या पायात डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ चपला बघून त्या आत गेल्या. सरांचे पळायचे बूट ताईंनी दोन वर्षांपूर्वीच, गुडघ्याचा एक्स-रे बघितला त्याच दिवशी, भावाच्या मुलाला देऊन टाकले होते.

मंगळवार पेठेतल्या शाळेत तीस वर्षं खेळ शिकवून सर निवृत्त झाले होते. तरुणपणी ते डोंगर पळायचे. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला पिंपळदरी नावाचं त्यांचं आजोळ. तिथल्या रानातली एकही पायवाट त्यांनी चालत पार केलेली नव्हती, सगळ्या पळतच. आता गुडघ्यानं दगा दिला होता. तरी रोज पहाटे पाचला त्यांना आपोआप जाग यायची आणि मग ते गच्चीवर उभे राहून रस्त्यानं पळणाऱ्या लोकांचं पाऊल कसं पडतंय ते बघत बसायचे.

अशात धैर्यशीलचा फोन आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी. आता कंपनीत इंजिनीअर होता आणि पळणाऱ्यांचा एक क्लब चालवायचा. रविवारी पिंपळदरीच्या डोंगरात एकवीस किलोमीटरची दौड ठेवली होती, बहात्तर जणांनी नावं दिली होती. पळणाऱ्यांना वाट कळावी म्हणून झाडांना फिती बांधायच्या होत्या. "सर, तुमच्याएवढं ते रान कुणाला ठाऊक न्हाय," धैर्यशील म्हणाला. पळायला नाही तर नाही, निदान वाटेला हात तरी लागेल, म्हणून सर हो म्हणाले.

शुक्रवारी दुपारी गावातल्या शाळेपाशी गाडी लावून ते चढाला लागले. पठारावर जाईपर्यंत सगळं ठीक चाललं. नकाशा बघायचा, फीत बांधायची, पुढं जायचं. मग जांभळीचं रान लागलं आणि त्या रानात वाटेला फाटा फुटला. नकाशातली वाट डावीकडं, जीपच्या रस्त्यानं जात होती. उजवीकडं खाली उतरत होती ती ओढ्याची जुनी पायवाट. विसाव्या वर्षी सर रोज सकाळी त्याच वाटेनं पळायचे.

जरा बघून यावं, म्हणून ते उजवीकडं वळले. जानेवारीचं ऊन पानांतून खाली उतरलं होतं. वाटेवर गवत माजलं होतं, पण पाय ओळख विसरले नव्हते. या दगडावरून उडी मारायची, इथं मुळी आहे, इथं श्वास सोडायचा. सर मनानं पळत होते आणि शरीरानं चालत होते. हात मात्र तिसरंच काही करत होते, ते सरांना ओढ्याकाठच्या चार घरांपाशी पोचल्यावर कळलं. पहिल्या घराच्या अंगणातल्या शेवग्याला ते फीत बांधत होते.

"काय नवस हाय काय पावणं?" अंगणात शेळीला पाला टाकणाऱ्या म्हातारीनं विचारलं.

सरांनी वळून बघितलं. मागं वाटभर, फाट्यापर्यंत, नारिंगी फिती डुलत होत्या. एक जरी कमी बांधली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

म्हातारीचं नाव धोंडुबाई. सत्तरी ओलांडलेली, घरात एकटीच. सरांनी त्यांना दौडीची सगळी हकिकत सांगितली. तो चढ पुन्हा चढून फिती सोडायची गुडघ्यात ताकद नव्हती. इथून खालच्या वाटेनं गावात उतरायचं, गाडी घेऊन जीपच्या रस्त्यानं फाट्यावर जायचं आणि डावीकडच्या वाटेला फिती बांधायच्या, एवढंच दिवस मावळायच्या आत जमण्यासारखं होतं. उरलेलं काम त्यांनी धोंडुबाईंवर सोपवलं.

"मावशी, उद्या सकाळी शेरडं घेऊन वर जाशीला, तवा चुकीच्या वाटंच्या फिती तेवढ्या काढून टाका."

"काढते की. त्यात काय," धोंडुबाई म्हणाल्या. "पर मानसं किती येनार?"

सरांनी आकडा सांगितला. धोंडुबाई बराच वेळ वाटेकडं बघत राहिल्या.

रविवारी सकाळी साडेसहाला दौड सुटली. सरांना शेवटच्या रेषेवर बसवलं होतं. आठ वाजता डावीकडच्या वाटेवर पाणी आणि केळी घेऊन बसलेल्या पोरांचा फोन आला, अजून कुणीच आलं नाही म्हणून. सव्वाआठलाही तेच. साडेआठला धैर्यशीलचा चेहरा उतरला. बहात्तर माणसं पठारावर चढली होती आणि रानानं ती गिळली होती. एकाचाही फोन लागत नव्हता. त्यानं दोन मोटारसायकली जीपच्या रस्त्यानं पिटाळल्या आणि पोलिसांना कळवावं का, असं सरांना विचारलं.

"तासभर थांब," सर म्हणाले. ओढ्याच्या खोऱ्यात फोन लागत नाही हे त्यांना माहीत होतं. बाकीचंही हळूहळू लक्षात येत होतं.

शाळेच्या मागून ओढ्याकाठची वाट सुरू व्हायची. धोंडुबाईंचं घर तिथून तीन किलोमीटर. तिथं कसलीच गाडी जात नव्हती. सर निघाले ते चालतच. पहिल्या वळणावर चाल भरभर झाली. दुसऱ्या वळणावर मऊ चपला आड यायला लागल्या, म्हणून त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. पायाखाली गार माती लागली आणि मग सर पळतच होते. गुडघा दुखत होता, नाही असं नाही. पण दोन वर्षं गच्चीवर उभं राहून जे दुखत होतं, त्यापुढं ते काहीच नव्हतं. कानात वारा भरला. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अंगणात पोचले तर बहात्तर माणसं ओळीनं बसली होती. कुणी भाजलेल्या शेंगा सोलत होतं, कुणी गुळाचा खडा चघळत होतं. धोंडुबाई तांब्यानं ताक वाढत होत्या. सगळ्यांत पुढं पळणारी स्वप्नाली नावाची मुलगी उठून म्हणाली, "सर, फिती इथंच संपल्या. मग आजी म्हणाल्या, बसा, सर येत्यात."

सरांनी धोंडुबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, तुमास्नी चुकीच्या वाटंच्या काढा म्हणालतो न्हवं?"

"काढल्या की," धोंडुबाई म्हणाल्या. "फाट्यापासनं धा-बारा काढल्या. त्या जीपच्या वाटंला काय हाय? नुसता धुरळा. चुकीचीच वाट हाय ती." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "गावाला रस्ता झाल्यापासनं हितनं कोन जात न्हाय वो. आदी बाजाराला मानसं ह्या दारातनं जायाची. सात वर्सं झाली, शेरडांबिगर पाय वाजला न्हाय."

सरांना रागवायचं होतं, पण राग काही येईना.

इथून गावापर्यंत फिती नव्हत्याच, म्हणून पुढं पळत वाट दाखवणं सरांनाच भाग होतं. तीन किलोमीटर ते अनवाणी पुढं आणि मागं बहात्तर जणांची पावलं. शाळेपाशी ताणलेली रिबीन साहजिकच त्यांच्याच छातीला लागली. स्वयंसेविकेला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तिनं पहिल्या क्रमांकाचं पदक त्यांच्या गळ्यात घातलं.

धैर्यशीलनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. एकवीसऐवजी बारा किलोमीटर झाले होते. काही जण भांडायला लागले, काहींनी ताकाचं कौतुक केलं, त्यानं तो जास्तच चिडला. सरांनी पदक काढून स्वप्नालीला दिलं आणि चूक आपली एकट्याची, फिती आपणच चुकीच्या बांधल्या, एवढंच सांगितलं. म्हातारीचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याच आठवड्यात क्लबची बैठक झाली. पुढच्या वर्षीपासून फिती सरांकडं द्यायच्या नाहीत आणि दौडही दुसऱ्या डोंगरात घ्यायची, असं ठरलं. धैर्यशीलनं हे फोनवर फार अदबीनं सांगितलं.

पुढच्या रविवारी सर एकटेच पिंपळदरीला गेले. जांभळीच्या रानातून सावकाश उतरले. उताराच्या शेवटी, घर दिसल्यावर, शंभरएक पावलं पळाले.

धोंडुबाईंनी अंगण सारवलं होतं. शेजारच्या तिन्ही घरांतले पेले गोळा करून ओळीनं मांडले होते. ताकाची घागर सावलीत ठेवली होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरून सरांच्या मागं वाटेकडं पाहिलं.

"बाकीची मानसं मागं हायती न्हवं?"

सरांनीही वळून पाहिलं. वाट रिकामी होती. गवत मात्र गेल्या आठवड्यातल्या पायांनी अजून झोपलेलंच होतं.

"येत्यात की," सर म्हणाले. "मी जरा फुडं आलोय."

"मग बसा," धोंडुबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला पेला भरला.